शिपायाचा रांजण

आमच्या आळीत शेजारी विरजण मागायला येत, कोणी गुळाचा खडा मागायला येई. देवी डॉक्टर राख मागायला यायचे.

सकाळची भांडी घासून मी पालथी घालत असले की परसदारी काठीचा आवाज व्हायचा. मागोमाग खाकरणं. मग पत्र्याचा डबा पुढे धरून ते पायरीपाशी उभे राहत. दुसऱ्याच्या सुनेकडे सरळ पाहायचं नाही, म्हणून नेहमी आमच्या तुळशीकडे पाहून बोलत.

"सूनबाई, राख आहे का?"

"आहे की. आज बंबाचीही आहे."

"बंबाची उत्तम. बारीक असते."

चिमूटभर राख बोटांत चोळून ते मान हलवायचे आणि डबा भरून निघून जायचे. आतून सासूबाईंचा आवाज येई, "सकाळच्या पारी दारात उभं राहून राख मागतात! माणसाने मागावं तरी काय!" हे त्यांना ऐकू जावं इतक्या मोठ्याने असायचं, आणि ते ऐकू न आल्यासारखं चालायचे. दोघांचं शेजारपण असं सुरू झालं.

आता तुम्ही विचाराल, एकट्या माणसाला एवढी राख लागायची कशाला? तेच तर सांगायचं आहे.

खरं म्हणजे ते डॉक्टर नव्हतेच. गावोगाव हिंडून पोरांच्या दंडावर देवी टोचायची सरकारी नोकरी त्यांनी जन्मभर केली. अशा माणसाला लोक देवी डॉक्टर म्हणत. पेन्शन झाल्यावर ते नाशकात आले आणि आमच्या शेजारी नानांच्या घरात मागच्या दोन खोल्या भाड्याने घेऊन राहिले. बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. नाव त्यांना होतं, पण आळीत कोणी ते वापरल्याचं मला आठवत नाही.

तुम्हाआम्हाला माणसाचा चेहरा लक्षात राहतो. त्यांना दंड लक्षात राहायचा. समोर कोणीही आलं की नजर आधी दंडावर. थंडीच्या दिवसांत लोक अंगभर कपडे घालत, तेव्हा ते जरा गोंधळल्यासारखे दिसत. दिंडोरीकडून एक माळीण मेथी घेऊन यायची. एकदा पाटी उतरवताना तिची चोळी सरकली आणि डॉक्टर ओट्यावरून म्हणाले, "हे माझं काम."

ती बाई आधी दचकली, मग ओरडली, "आता बया! तुमीच का ते? माजी माय सांगती, म्या लय रडले व्हते. अन् तुमाला चावले बी व्हते!"

डॉक्टरांनी उजवा अंगठा पुढे केला. "इथं," ते म्हणाले. त्या दिवशी तिने त्यांना मेथीची जुडी फुकट दिली आणि त्यांनी ती घेतली नाही. शेवटी जुडी आमच्याकडे आली.

त्यांच्याबरोबर एक कुत्रा होता. चांदवडच्या धर्मशाळेत मुक्काम असताना एक पिल्लू त्यांच्या सामानाच्या पेटीवर येऊन बसलं ते उठलंच नाही. फिरतीवर त्यांना सरकारी शिपाई असे. पेन्शन झाली तशी सरकारने शिपाई काढून घेतला. "म्हणून मी हा ठेवला," ते सांगत. कुत्र्याचं नाव शिपाई. तांबूस रंगाचा, एक कान उभा, एक पडलेला. रस्त्यात तो पुढे चालायचा आणि साहेब येतायत की नाही हे वळून वळून पाहायचा. आळीत त्या वेळी कुत्री पुष्कळ होती, पण ती कोणाचीच नव्हती. घरात कुत्रा पाळणं म्हणजे साहेबाची नाहीतर शिकाऱ्याची थेरं. पेन्शनर ब्राह्मणाने कुत्रं पाळावं, त्याला नाव ठेवावं, जेवताना त्याला पहिली चतकोर घालावी, हे आळीने नाक मुरडत सोसलं. पुढचं मात्र आळीला सोसेना.

डॉक्टर शिपायाची घाण स्वतःच्या हाताने उचलत.

त्यांच्याकडे कौलाचे दोन तुकडे होते. एक घासून उलथन्यासारखा केलेला, एक सुपलीसारखा. शिपायाने जिथे कुठे बसकण मारली तिथे हे मागून जात, आधी वर राख भुरभुरत, मग एका कौलाने ते दुसऱ्यावर ओढून घेत आणि शांतपणे परसात निघून जात. नगरपालिकेची बाई सकाळी आळी झाडायला यायची. ती बिचारी पहिल्यांदा धावलीच.

"डाक्तर, ठिवा वो ते. माजं काम हाय."

"कुत्रं तू पाळलंस का?"

"नाय."

"मग ही घाण माझी."

ती डोक्यावरचा पदर सारखा करत उभीच राहिली. लोकांना कुत्र्यापेक्षा ते वाक्य जास्त झोंबलं, असं मला आता वाटतं. आपली घाण आपली, हे आमच्या आळीत तोवर कोणी मोठ्याने म्हटलं नव्हतं. आपण दाराबाहेर टाकायची आणि ती कुठे जाते ते विचारायचं नाही. डॉक्टर विचारत. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, ते तुळशीकडे पाहून मला किती वेळा ऐकवलं असेल देव जाणे. "घाण कुठे जात नसते, सूनबाई. नुसती जागा बदलते."

उचललेलं ते एका रांजणात टाकत. पाण्याचा मोठा तडकलेला रांजण त्यांनी परसात गळ्यापर्यंत पुरला होता. वर दगडी झाकण. एकदा घाण पडली की तिच्यावर ओंजळभर राख, मग कडुनिंबाचा वाळका पाला, मग मूठभर माती. राख इथे जायची. रांजण भरला की तोंड बंद करून पुढच्या दिवाळीपर्यंत त्याच्याकडे पाहायचं नाही. तोवर शेजारी दुसरा रांजण पुरायचा. दिवाळीनंतर पहिला उकरला की आतून काळी भुसभुशीत माती निघे. वास घेऊन पाहा म्हणून त्यांनी मला ती दाखवली होती. मी नाक धरूनच वाकले, मग बोटं जरा सैल केली आणि पावसानंतरच्या शेतासारखा वास आला, दुसरं काही नाही.

हे त्यांना पहिल्या झटक्यात जमलं असं मात्र समजू नका. पहिल्या वर्षी रांजण त्यांनी बूड न फोडताच पुरला. आषाढात तो पाण्याने भरला, झाकणाखालून वाहू लागला आणि सगळा ऐवज नानांच्या न्हाणीपर्यंत गेला. नाना धोतर वर धरून दगडावर उभे आणि डॉक्टर बादली घेऊन त्यांच्याभोवती, हा देखावा आमच्या माडीवरून मी पाहिला आहे. "चुकलं, चुकलं," डॉक्टर म्हणत होते. "पोटात घ्यायचं म्हटलं तर खाली झिरपायला वाट नको का!" पाऊस उघडल्यावर त्यांनी आमच्याकडून पहार नेली आणि बूड फोडून, खाली विटांचे तुकडे घालून सगळं पुन्हा केलं. या वेळी आडापासून लांब, परसाच्या टोकाला.

ती माती मला हवी होती. आमच्या दारच्या वांग्यांना काही जोर नव्हता. मी मागितली तर ते चक्क नाही म्हणाले.

"खायच्या झाडाला नाही. जंत राहतात. राखेने सगळेच मरत नाहीत. फुलझाडाला घाला, हवी तेवढी देतो."

आणि फुलझाडावरूनच पुढचं सगळं झालं.

त्यांच्या परसात आमच्या भिंतीला लागून एक अनंताचं झाड होतं. सुरुवातीला रांजण त्याच्याच बुंध्याशी होता, आणि बूड फोडून तो हलवला तरी तयार माती ते अनंतालाच घालत. झाड असं फुललं की सांगता सोय नाही. एकेक फूल तळहाताएवढं, दुधासारखं पांढरं. आमच्या सासूबाई पहाटे गंगेवर जायच्या. गोदावरीला नाशकात गंगाच म्हणतात. नवरा गेल्यापासून त्या सोवळ्या झालेल्या, लाल आलवण, कडक शिवाशिव. गंगेवरून ओलेत्याने, तांब्या भरून अनवाणी परत यायच्या, कोणाला शिवायचं नाही, कशावर पाय पडू द्यायचा नाही. आणि येता येता परसाच्या भिंतीवरून हात घालून अनंताची फुलं तोडायच्या. त्यांच्या बाळकृष्णासाठी. ज्यांचं कुत्रं त्यांना डोळ्यांसमोर नको होतं, त्यांच्याच झाडाची.

त्यांना ते झाड कशावर पोसलं आहे हे ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, पण नव्या सुनेने तोंड उघडायचे ते दिवस नव्हते.

डॉक्टरांनी एकदा पहाटे ते पाहिलं. पुढच्या काही दिवसांत मी पाहिलं, तर ते अनंताच्या बुंध्याभोवतीची माती उकरून पाट्या भरभरून परसाच्या दुसऱ्या टोकाला नेत होते. वय झालेलं, कंबर धरून दर खेपेला थांबत होते. गंगेच्या काठचा गाळ त्यांनी गाढववाल्याकडून आणवला आणि अनंताच्या मुळाशी भरला. काढलेली माती न्हाणीच्या सांडपाण्याजवळ, नव्या रांजणांच्या भोवती टाकली आणि तिथे सोनटक्क्याचे कंद लावले.

राख न्यायला आले तेव्हा मी विचारलं, "एवढी दगदग कशाला केलीत?"

"त्या देवाला घालतात ती फुलं," ते तुळशीला म्हणाले. "मला माहीत, त्यांना माहीत नाही. म्हणजे लबाडी माझी झाली, नाही का?"

"मग सांगून टाकायचं सरळ."

"सांगितलं तर त्या अनंताला पुन्हा हात लावणार नाहीत. मला माती सगळी सारखीच, सूनबाई. त्यांना नाही. त्यांच्या देवाचं त्यांनी ठरवायचं. अनंत देवाचा राहू दे. सोनटक्का शिपायाचा. तो कोणी देवाला घालू नका, एवढं लक्ष ठेवा."

त्या दिवशी मला हा माणूस फार मोठा वाटला. आजही वाटतो. दुसऱ्याच्या सोवळ्यावर आपला विश्वास नसताना ते सांभाळण्यासाठी कंबर मोडून माती वाहणारी माणसं मी नंतर फारशी पाहिली नाहीत. तुम्ही पाहिली असतील तर तुम्ही भाग्यवान.

मग ती पौषातली पहाट आली. सासूबाई गंगेवरून थंडीत कुडकुडत, तांब्या सांभाळत येत होत्या आणि आळीच्या वळणावर अंधारात त्यांचा पाय पडला. कशावर पडला ते सांगायला नको. दारापाशी येऊन त्या तशाच वळल्या, पुन्हा गंगेवर गेल्या, पुन्हा त्या बर्फासारख्या पाण्यात बुडी मारली. परत आल्या त्या तापाने फणफणूनच. ताप उतरल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते नानांना बोलावणं पाठवायचं.

शिपाई त्या पहाटे परसात बांधलेला होता, हे मला माहीत होतं. आळीत दुसरी कुत्री होतीच. पण त्या कुत्र्यांना मालक नव्हता, आणि राग काढायला मालक लागतो.

संध्याकाळी नानांच्या ओट्यावर चार जाणती मंडळी बसली. आम्ही बायका आमच्या दाराआड. नानांना त्या दोन खोल्या जावयासाठी हव्या होत्या, हेही आळीला ठाऊक होतं. त्यामुळे नाना फार गोड बोलत होते.

"डॉक्टरसाहेब, तुमच्याबद्दल कोणाचं काही म्हणणं नाही. पण कुत्रं घालवा. नाहीतर मग जागेचं आम्हाला बघावं लागेल."

शिपाई डॉक्टरांच्या पायाशी बसून नानांच्या तोंडाकडे पाहत होता. डॉक्टर त्याच्या पडक्या कानावरून बोट फिरवत होते. त्यांचं दुसरं कोणीही नव्हतं, हे मी आधी सांगितलंच आहे.

"नाना, याची घाण आळीत दिसली तर मी माझ्या हाताने सामान बांधीन," ते म्हणाले.

"दिसली की तुम्ही म्हणणार, कशावरून शिपायाचीच?"

"नाही म्हणणार. कुठल्याही कुत्र्याची दिसली तरी माझी समजा. मग तर झालं?"

ओट्यावर कोणी तरी हसलं. दाराआड मी मात्र कपाळाला हात लावला. त्या क्षणी ते अनंताचं सांगू शकले असते. 'ज्यांनी तक्रार केली त्यांच्या देवासाठी मी काय केलं ते विचारा,' एवढं म्हणाले असते तरी पारडं फिरलं असतं. नाही म्हणाले. उठले, आमच्या दाराच्या फटीकडे पाठ करून शिपायाला म्हणाले, "चल रे. सांग त्यांना, थंडीत त्रास झाला, वाईट वाटलं." आणि निघून गेले.

शब्द देऊन बसले आणि कामाला लागले. पहाटे उजाडायच्या आत हातात कंदील, राखेचा डबा आणि कौलाचे तुकडे घेऊन ते आळीच्या वरच्या तोंडापासून थेट घाटाच्या पायऱ्यांपर्यंत जायचे. शिपाई पुढे. आळीतल्या यच्चयावत कुत्र्यांचं ते उचलू लागले. संध्याकाळी पुन्हा फेरी. नाना सकाळी काठी टेकत फिरायला निघत, नजर सगळी जमिनीवर. काही सापडायचं नाही. रांजण भराभर भरू लागले आणि राख पुरेना, तेव्हा ते आळीभर डबा फिरवू लागले. आश्चर्य म्हणजे बायका देऊ लागल्या. पहाटे अनवाणी जाणाऱ्या त्याच होत्या ना! माश्या कमी झाल्या, ओलेत्याने येताना कोणी जमिनीकडे पाहीनासं झालं. डॉक्टरांचं नाव मात्र कोणी घेतलं नाही. सगळ्यांना वाटलं, आपोआप झालं.

माझ्याने राहवलं नाही. एका दुपारी वाती वळताना मी सासूबाईंना अनंताचं सगळं सांगून टाकलं. माती कशाची होती, ती कोणी काढली, का काढली. त्यांच्या हातातली वात तशीच राहिली. उठल्या, सगळे देव ताम्हनात घेतले आणि पंचगव्याने धुतले. बाळकृष्णाला दोनदा.

हे डॉक्टरांना कळलं तेव्हा ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "गाईचं चालतं, कुत्र्याचं चालत नाही. शिपाया, तुझा नंबर नाही लागला रे!" मग लगेच गंभीर होऊन म्हणाले, "नाही सूनबाई, हसू नये. आता अनंत गेला म्हणायचा."

पण उन्हाळ्यात अनंत फुलला, फुलं पूर्वीपेक्षा लहानच होती, आणि एका पहाटे सासूबाईंचा हात पुन्हा भिंतीवरून गेला. फरक एवढाच की आता त्या आधी खोकल्या. आपण आलो आहोत हे पलीकडे कळावं असं. पलीकडून डॉक्टरांचा आवाज आला, "शिपाया, गप बस. आपल्याकडेच आल्यात." शिपाई काही भुंकला नव्हता. त्या दोघांचं एकमेकांशी झालेलं हे सगळ्यात मोठं संभाषण.

त्याच पावसाळ्यात डॉक्टर अंथरुणाला खिळले. हिवताप. जन्मभर खेड्यापाड्यांत हिंडून अंगात मुरलेला, तो दर पावसाळ्यात यायचा, पण या खेपेला उठू देईना. मी पेज घेऊन जायची. त्यांना तापाची पर्वा नव्हती. त्यांचा जीव आळीत अडकलेला.

"सूनबाई, बाहेर काही दिसतंय?"

"नाही. स्वच्छ आहे."

"मला बरं वाटावं म्हणून सांगू नका. मी तर इथे पडलोय. कुत्री काय उपास करतायत?"

"खरंच स्वच्छ आहे."

आणि खरंच होती. मलाही नवल वाटत होतं. नाना आता दोन वेळा फिरायला निघत, छत्री घेऊन पावसातसुद्धा. परत येताना त्यांचा चेहरा पडलेला असे. डॉक्टर मात्र मान हलवत. "एवढं बरं होऊ द्या. शब्द मोडला तर मी राहणार नाही. पण याला घेऊन या पावसात कुठे जाऊ?" शिपाई खाटेखालून शेपटी आपटायचा.

एका पहाटे डोळा उघडला तर सासूबाईंची जागा रिकामी. त्यांच्या गंगेच्या वेळेला अजून अवकाश होता. मी मागल्या दाराने बाहेर आले. पाऊस थांबला होता. फटफटीत नव्हे, पण माणूस ओळखू येईल इतकं उजाडलेलं. आळीच्या वळणावर लाल आलवणातली सासूबाईंची आकृती वाकलेली. एका हातात कौलाचा तुकडा, दुसऱ्या हातात दुसरा. शेजारी आमच्याच स्वयंपाकघरातला राखेचा डबा. आणि पुढे शिपाई, वळून वळून मागे पाहणारा.

मी तोंडावर हात ठेवला. ज्या माझ्या धुतलेल्या लुगड्याला शिवत नसत त्या!

मला पाहून त्या मुळीच ओशाळल्या नाहीत. उलट चिडल्या. "बघतेस काय अशी? मी पारोशीच आहे अजून. पारोश्या अंगाला कसला आलाय विटाळ? गंगा आहे ना पुढे."

"पण तुम्ही कशाला... मला सांगायचं."

"का? माझ्या कृष्णाचं त्यांनी सांभाळलं ते कोणाला सांगून?" एवढं बोलून त्यांनी वाकून राखेचा डबा उचलला. "झाकण जड आहे त्या मेल्या रांजणाचं. आलीच आहेस तर उचल."

डॉक्टरांच्या परसात जाऊन आम्ही दोघींनी झाकण उचललं. राख, पाला, माती. त्या क्रम चुकल्या नाहीत. इतके दिवस माडीवरून पाहत होत्या, हे मला तेव्हा कळलं.

मागे वळले तर डॉक्टरांच्या खिडकीचं एक दार उघडं होतं. ते गजाला धरून उभे होते. किती वेळ, कोण जाणे. माझी त्यांची नजर मिळाली, तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं. डोळे भरलेले होते. मग सासूबाईंचं डोकं वर व्हायच्या आत त्यांनी ते दार हलकेच, आवाज न करता ओढून घेतलं.

त्या दिवशी पेज घेऊन गेले तर त्यांनी आळीचं विचारलं नाही. पुन्हा कधीच विचारलं नाही. बरे झाले, काठी घेऊन उठले आणि पहाटेची फेरी पुन्हा त्यांची त्यांनी घेतली. सासूबाईही पूर्वीसारख्या, "राख मागतात! माणसाने मागावं तरी काय!" असं आतून ओरडू लागल्या. फक्त राख आता त्या आदल्या रात्रीच चाळून, डबा भरून पायरीवर ठेवू लागल्या होत्या.

पुढच्या वर्षी वैशाखात देवी डॉक्टर गेले. दुपारी ओट्यावर बसल्या बसल्या, कोणाला त्रास न देता. त्यांचा शब्द शेवटपर्यंत मोडला नव्हता. पुण्याहून एक पुतण्या आला, तो आहे हेच आळीला तोवर ठाऊक नव्हतं. त्याने भांडीकुंडी, पेटी, टोचायच्या सुयांचं जुनं कातडी पाकीट असं सगळं टांग्यात घातलं. शिपाई टांग्यापाशी उभा होता. पुतण्याने त्याच्याकडे पाहिलं, मग नानांकडे. नाना दुसरीकडे पाहू लागले.

तेव्हा आमच्या दारातून सासूबाई बाहेर आल्या. परक्या पुरुषांसमोर त्या कधी येत नसत.

"तो इथेच राहील," त्या म्हणाल्या. "आणि नाना, त्यांनी दिलेला शब्द आता माझा. आळीत काही दिसलं तर मला सांगायला या."

कोणी कधी आलं नाही. खोल्यांत जावई राहायला आले, त्यांनी परसातल्या रांजणांना हात लावला नाही. सासूबाईंच्या भीतीने, दुसरं काय! शिपाई आमच्या परसदारच्या पायरीवर झोपू लागला, सोवळ्याच्या रेघेच्या बरोबर बाहेर. ती रेघ त्याला कोणी शिकवली, मला माहीत नाही.

भाद्रपदात सोनटक्का फुलला. डॉक्टरांनी लावलेला. एवढा दाट की सगळं परस वासाने भरून गेलं. मला त्यांचं सांगणं आठवत होतं, ही फुलं देवाला घालायची नाहीत. सासूबाईंना आठवण करून द्यावी म्हणून मी एके पहाटे लवकर उठले. त्या रांजणापाशी होत्या. फेरी संपली होती. त्यांनी कौलाचे तुकडे खाली ठेवले, हात मातीने चोळून धुतले आणि सोनटक्क्याची दोन फुलं तोडली.

मी म्हणणार होते, पण म्हटलं नाही. कारण त्या देवघराकडे वळल्याच नाहीत. परसदारी आल्या. पायरीवर डॉक्टरांचा पत्र्याचा डबा होता, तो पुतण्याला न्यायचं सुचलं नव्हतं. चाळलेल्या राखेने काठोकाठ भरलेल्या त्या डब्यावर त्यांनी ती फुलं ठेवली, शिपायाला जरा बाजूला सरकायला सांगितलं आणि तांब्या घेऊन गंगेवर गेल्या.

सोनटक्का असेपर्यंत हे रोज चाललं, आणि पुढे त्या होत्या तोवर दर वर्षी. देवाची फुलं त्या आंघोळ करून मग तोडत. ही आंघोळीच्या आधी.